अजून खाली, बाबा!

अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमन म्हणून निवड व्हायला मुलाला खेळ यावा लागत नाही. त्यानं जागा व्यापावी लागते. आमचे चिरंजीव ओंकार हे काम जन्मापासून इमानेइतबारे करत आले आहेत. आठवीच्या शेवटी हायस्कूलचे कोच त्यांच्या शाळेत मुलं हेरायला आले, तेव्हा चिरंजीव बुद्धिबळाच्या क्लबमधून बाहेर पडत होते. दारातून येणारा उजेड काही क्षण पूर्ण थांबला, हे कोचनी पाहिलं आणि उभ्या उभ्या त्यांचं नाव लिहून घेतलं.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. या पट्ट्यात शुक्रवारी संध्याकाळी सत्यनारायण घालायचा असेल, तर मराठी माणूससुद्धा पंचांगाआधी शाळेच्या सामन्यांचं वेळापत्रक बघतो. शेजारच्या ॲलन गावानं २०१२ मध्ये शाळकरी मुलांच्या फुटबॉलसाठी १८,००० प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं. खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. दोन वर्षांत त्याच्या काँक्रीटला तडे गेले, म्हणून ते बंद ठेवावं लागलं, आणि २०१५ मध्ये दुरुस्त करून पुन्हा उघडलं. ही बातमी वाचून मला टेक्ससमध्ये पहिल्यांदा अगदी घरच्यासारखं वाटलं होतं.

अशा मुलखात पोरगा फुटबॉलच्या संघात घेतला जातो, तेव्हा बापाची मान ताठ होते. माझी झाली. ऑफिसात मी सगळ्यांना सांगून टाकलं. लाइनमन म्हणजे नेमकं काय, हे मला त्यानंतर कळलं.

मैदानावरच्या अकरांपैकी पाच जण आघाडीच्या फळीत वाकून उभे असतात. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर बॉल मागे देतो. बाकी चौघांचा आणि बॉलचा संबंध एरवी येतच नाही. पुढे फेकलेला पास झेलायची तर त्यांना मनाईच आहे. त्यांच्या पाठीवर ५० ते ७९ यांच्यातलाच आकडा असतो, म्हणजे पंचाला लांबूनच कळावं, की या माणसानं पास झेलला तर पिवळा रुमाल फेकायचा. त्यांचं काम एकच: समोरच्याला अडवायचं. ज्याच्या हातात बॉल आहे त्याला टाळ्या, ज्यानं त्याला वाट करून दिली त्याच्या तोंडात माती.

आईला पुण्याला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे त्याला बॉल कधी मिळणारच नाही?"

"नाही."

"मग तो तिथं करणार काय?"

"अडवणार."

"ते तर तो घरीही करतो. फ्रीजसमोर उभा राहून."

मला क्वार्टरबॅकचा बाप व्हायचं होतं. क्वार्टरबॅकच्या बापाशी बँकेतले लोकसुद्धा अदबीनं बोलतात. लाइनमनच्या बापाला मात्र शाळेनं स्वतंत्र सभेला बोलावलं, आणि तिथं दोन खुर्च्या जोडून बसायची सोय केलेली होती. बाकीच्या बापांकडे पाहून त्यामागचं धोरण लक्षात आलं. माझी एक खुर्ची रिकामी राहिली. आमच्या ओंकारचा देह त्याच्या आजोळचा आहे.

लाइनचे कोच स्वतः कॉलेजात सेंटर खेळलेले. मान नावाचा भाग वगळून देवानं त्यांचं डोकं थेट खांद्यांवर बसवलं होतं. टेक्ससमधले कोच शाळेत एखादा विषयही शिकवतात. हे नववीला जगाचा भूगोल शिकवायचे. "पुणे?" ते म्हणाले. "दख्खनचं पठार. बेसॉल्ट." पुण्याचं नाव काढल्यावर करी आणि कॉल सेंटर सोडून तिसरंच काही बोलणारा हा मला अमेरिकेत भेटलेला पहिला माणूस. मी तिथल्या तिथे त्यांचा भक्त झालो आणि त्या भरात पुढचं बोलणं अर्धवट ऐकलं.

ते सांगत होते, ते खरं तर फार शहाणपणाचं होतं. चौदा-पंधरा वर्षांची ही पोरं वजनानं दांडगी असतात, पण त्यातल्या अनेकांना एक सरळ जोर मारता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी त्यांना वजनांच्या खोलीत आणायचं आणि सुरुवातीला वजन द्यायचंच नाही. प्लास्टिकचा पाइप खांद्यावर घेऊन बसायचं-उठायचं. कंबर मागे, छाती वर, टाचा जमिनीला. ते जमलं की नुसता बार. नुसता बारही ४५ पौंडांचा, म्हणजे २० किलो. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढलेली दिसते, पण दंड तेवढेच राहतात, कारण वाढ स्नायूंत झालेली नसते. असलेल्या स्नायूंना एका वेळी कामाला कसं लावायचं, हे मज्जासंस्था शिकत असते. ढब पक्की होईपर्यंत कुणी जास्तीत जास्त किती उचलतो, याची चाचणी घ्यायची नाही.

एका आईनं विचारलं, वजनं उचलून मुलांची उंची खुंटते का? हा प्रश्न आमच्या आईनंही पुण्याहून पाठवला होता. कोच म्हणाले, व्यवस्थित शिकवून, देखरेखीखाली केलं तर तसा काही पुरावा नाही. स्ट्रेंग्थ कोचेसच्या राष्ट्रीय संघटनेनं २००९ मध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२० मध्ये तसं लिहूनच ठेवलंय. मुलांना इजा होते ती बहुतेक घरच्या उपकरणांवर, कुणी बघत नसताना. तेव्हा कृपा करून घरी काही सुरू करू नका.

हे शेवटचं वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. त्या वेळी मी फोनवर जवळपास कुणी जुना रॅक विकतंय का, ते बघत होतो.

यामागे माझा अभ्यास होता. मी काही न वाचता उडी मारणाऱ्यांतला नाही. मी भरपूर वाचतो आणि मग उडी मारतो. एके काळी फुटबॉलचे कोच वजनांना घाबरायचे. वजनं उचलली की स्नायू आखडतात, माणूस मंद होतो, अशी त्यांची पक्की समजूत. लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये ॲल्विन रॉय नावाच्या गृहस्थानं १९५५ मध्ये इस्ट्रूमा हायस्कूलच्या पोरांना बारबेल धरायला लावली आणि ती पोरं राज्यात पहिली आली. पुढे १९६९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठानं बॉयड एप्ली या पाठ दुखावलेल्या पोल व्हॉल्टरला खेळाडूंची ताकद वाढवण्याच्या कामावर नेमलं. मुख्य कोच बॉब डेव्हनी यांनी त्याला बजावलं होतं, की एक जरी खेळाडू मंद झाला तरी तुझी नोकरी गेली. १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षं नेब्रास्का देशात पहिलं आलं, आणि एप्लीची नोकरी राहिली. हे सगळं मी चिरंजीवांना जेवताना ऐकवलं. ते म्हणाले, "बाबा, तुझी मीटिंग होती ना आत्ता?"

रॅक घरी आला. बेंच आला, बार आला, ढीगभर प्लेटा आल्या. हे सामान गाडीतून गॅरेजात नेण्यातच माझा सगळ्यात मोठा व्यायाम झाला आणि कंबरेनं तो लक्षात ठेवला. आमच्या घराण्यात वजन उचलण्याची परंपरा म्हणजे गॅसचा भरलेला सिलिंडर. तो तीस किलोंच्या आसपास भरतो, आणि तोही काकांनी एकीकडून व बाबांनी दुसरीकडून धरून, आईनं "अरे सावकाश, फरशी फुटेल" म्हणेपर्यंत. त्या हिशेबानं नुसता बार मला एकट्याला सहज जमायला हवा होता, आणि जमलाही. तिथंच थांबलो असतो तर हा लेख वाचायची वेळ तुमच्यावर आली नसती.

ओंकारनं गॅरेजात पाऊल टाकायला साफ नकार दिला. "कोच नको म्हणालेत." पोरगं कुणाचं तरी ऐकतंय हे बघून आनंद व्हायला हवा होता, मला राग आला. मग एका रात्री, सगळी निजानीज झाल्यावर, मीच आडवा झालो.

बारच्या दोन्ही टोकांना ४५ पौंडांची एकेक प्लेट चढवली की १३५ पौंड होतात. म्हणजे ६१ किलो. चिरंजीवांची मित्रमंडळी याला "एकच प्लेट" म्हणतात, त्यामुळे ते किरकोळ असावं अशी माझी धारणा झालेली. व्यावसायिक लीगमध्ये येऊ पाहणाऱ्या खेळाडूंची २२५ पौंडांवर परीक्षा असते. १०२ किलो ते किती वेळा वर ढकलतात, हे मोजतात. त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त म्हणजे मध्यमवर्गीय माणसाला झेपेल असं, असा मी हिशेब केला. प्लेटा निसटू नयेत म्हणून दोन्ही टोकांना क्लिपाही लावल्या. सुरक्षिततेच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

बार खाली फार छान आला. छातीवर टेकला. मी वर ढकललं. बारला ते कळलंच नाही. मी पुन्हा ढकललं, या वेळी तोंडानं आवाज काढून. जिममध्ये लोक तसा काढतात. आवाज उत्तम आला. मग बार पोटाकडे गडगडत नेऊन उठून बसावं, असं कुठंसं वाचलेलं आठवलं. बरगड्यांवरून तो हळूहळू सरकला, पण पुढे पोट लागलं, आणि तिथून चढ सुरू झाला.

"ओंकार!" असं मी ओरडलो. म्हणजे ओरडायचा विचार केला. छातीवर ६१ किलो असताना माणूस जे बोलतो ते फक्त त्यालाच ऐकू येतं. शेवटी बायको पाण्याची बाटली न्यायला आली. तिनं दिवा लावला, माझ्याकडे पाहिलं, दिवा तसाच ठेवला आणि शांतपणे वर जाऊन मुलाला उठवून आणलं. घाई नव्हती. मी कुठं जाणार नव्हतो.

चिरंजीव आले आणि आधी क्लिपांकडे बघून हळहळले. "बाबा, एकट्यानं बेंच करायचाच नसतो. आणि केलाच तर क्लिप नाही लावायच्या. बार तिरका केला की प्लेटा घसरून पडतात आणि माणूस सुटतो." हे व्याख्यान चालू असताना बार माझ्या पोटावरच होता. मग ओंकार माझ्या बाजूला आला. पाय खांद्यांएवढे फाकवले, कंबर मागे टाकली, छाती वर काढली, श्वास भरून पोट घट्ट केलं, आणि बार उचलून रॅकवर ठेवला. मी हे सगळं खालून पाहत होतो. पाइप खांद्यावर घेऊन घालवलेल्या त्या सगळ्या कंटाळवाण्या सकाळी मला एका हालचालीत दिसल्या. पाठीत बाक नाही, चेहऱ्यावर ताण नाही. तोंडानं आवाजही काढला नाही. मग जांभई देऊन तो झोपायला गेला.

सध्या त्या संचातल्या अडीच पौंडांच्या प्लेटा बायको पनीर दाबायला वापरते. पनीर छान घट्ट होतं.

ऑगस्टमध्ये शाळेचं निमंत्रण आलं: शनिवारी सकाळी पालकांनी यावं आणि मुलं उन्हाळाभर काय करत होती, ते स्वतः करून बघावं. सक्ती नव्हती. "तू नको जाऊस," बायको म्हणाली. "तू नको येऊस," चिरंजीव म्हणाले. गेलो. श्रावण चालू होता आणि आईला दिलेल्या शब्दामुळे शनिवारचा उपास होता, पण कॉफी घेतली होती.

पहिला थांबा गॉब्लेट स्क्वॉटचा. डंबेल छातीशी धरून पूर्ण खाली बसायचं. कोच म्हणाले, आमच्या मुलांना हेच जड जातं, घोटे वळत नाहीत, टाचा उचलल्या जातात. माझ्या अंगात लोकमान्य संचारले. उकिडवं बसणं हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे! वाड्यातल्या सामाईक संडासापासून ते मौंजीच्या पंगतीत वाढण्यापर्यंत माझं अर्धं बालपण त्या आसनात गेलेलं. डंबेल घेतलं आणि बसलो. टाचा जमिनीला, पाठ सरळ, गुडघे बोटांच्या रेषेत.

"थांबा!" कोच ओरडले. "सगळे इकडे या. यांचे घोटे बघा!"

संघ जमला. पालक जमले. कुणीतरी फोन काढला. कोचनी माझ्या घोट्यांवर बोट ठेवून सगळं समजावलं: कंबरेचा सांधा गुडघ्याच्या खाली कसा गेलाय, वजन तळपायाच्या मध्यावर कसं आहे, लाइनमनला याच खोलीतून वर उसळायचं असतं. अखेर ते भूगोलाचे शिक्षक. स्पष्टीकरण पठारावरून डोंगरावर आणि डोंगरावरून नदीच्या खोऱ्यात गेलं. मला अभिमान वाटत होता. तो मांड्यांपर्यंत होता. त्याखाली काहीच वाटेनासं झालं होतं.

"छान. आता वर या, सर."

मला बसायला शिकवणाऱ्या संस्कृतीनं उठताना नळ, कडी किंवा भिंत यांची सोय ठेवली होती. इथं चारी बाजूंना नुसती मोकळी जागा. मी वर बघून हसलो. कोचही हसले. मग त्यांच्या लक्षात आलं. शेवटी डंबेल जमिनीवर ठेवलं, त्याच्यावर दोन्ही हात टेकले आणि मागचा भाग आधी वर काढत, टप्प्याटप्प्यानं उभा राहिलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टेक्ससची मुलं फार संस्कारी.

यानंतर आम्हाला बाहेर नेलं. मैदानाच्या कडेला लोखंडी पाइपांचा एक लांबट मांडव असतो, माणसाच्या छातीइतक्या उंचीचा. याला शूट म्हणतात. लाइनमननं एक हात जमिनीला टेकून वाकायचं आणि शिट्टी झाली की त्या मांडवाखालून पळत बाहेर निघायचं. अर्ध्यात उठलं की डोकं पाइपावर. यामागचं शास्त्र सोपं आहे. दोन माणसं आदळतात तेव्हा ज्याचे खांदे खाली, तो दुसऱ्याच्या छातीखाली शिरतो, त्याला उभा करतो. आणि उभा झालेला माणूस कितीही वजनदार असला तरी त्याच्या पायांत जोर उरत नाही. कोल्हापुरात कुठल्याही तालमीत हे मला फुकट सांगितलं असतं. पण मी पुण्यात तालमीत कधी गेलो नाही. तालमीशेजारच्या अमृततुल्यात जायचो.

माझी उंची पाच फूट पाच इंच. खाली राहण्याबाबत मला नैसर्गिक सवलत आहे, असं मी धरून चाललो. हेल्मेट दिलं गेलं. वाकलो. कडेला ओंकार उभा होता, आतापर्यंत ओळख न दाखवता. शिट्टी झाली. दुसऱ्या पावलाला मला पुढे काय चाललंय ते बघावंसं वाटलं.

टण्!

पाइप पोकळ असल्यामुळे आवाज लांबवर जातो. पलीकडे बँडवाल्यांचा सराव चालू होता. त्यांच्यातला एक पोरगा मान वळवून बघू लागला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच सूर. तेव्हा चिरंजीवांनी पहिल्यांदा तोंड उघडलं: "खाली, बाबा! अजून खाली! बघू नकोस कुठं!" घरात कधी न ऐकलेला हुकमी आवाज होता तो. मी हादरून इतका खाली गेलो, की उरलेलं अंतर गुडघ्यांवर कापलं.

राहिली स्लेड. लोखंडी घसरगाडी, तिच्यावर प्लेटा, पुढे धरायला दोन उभे दांडे. ती ढकलत न्यायची. मी हातांनी ढकलत होतो. ओंकारनं बाजूनं चालत समजावलं, "हातांनी नाही रे. हात नुसते खिळून ठेवायचे. घोटा, गुडघा, कंबर, तिन्ही एकदम उघडायचे. पॉवर क्लीनमध्ये बार उचलतानाही तेच, समोरच्याला ब्लॉक करतानाही तेच. आणि पावलं छोटी टाक." मी तिन्ही एकदम उघडले. स्लेड तिथंच राहिली, माझे बूट मागे घसरले आणि मी दांड्यांमधून आत गेलो. शेजारच्या पट्ट्यात एक आजी होत्या, नातवाबरोबर आलेल्या. जन्म गुरांच्या रँचवर गेलेला. त्या स्लेड ढकलता ढकलता मला ऊन किती वाढलंय ते सांगत होत्या, आणि सांगता सांगता दिसेनाशा झाल्या.

ऊन खरंच वाढलं होतं. कृत्रिम हिरवळ उन्हात हवेपेक्षाही जास्त तापते. मैदानाच्या कडेला तिपाईवर एक यंत्र होतं. ते नुसतं तापमान सांगत नाही, दमटपणा, ऊन, वारा सगळं धरून आकडा देतं, आणि आकडा रेषेपलीकडे गेला की सराव बंद. हे आता सगळे गंभीरपणे घेतात. २००१ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सचा कोरी स्ट्रिंगर सरावातल्या उष्माघातानं गेला. तो लाइनमनच होता, सत्तावीस वर्षांचा. अंगानं मोठ्या माणसाची उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणून मैदानाजवळ बर्फाच्या पाण्याचा टब भरलेला असतो आणि नियम असा, की आधी माणसाला गार करायचं, मग दवाखान्यात हलवायचं.

मला किंचित गरगरलं, म्हणून मी स्लेडवरच बसलो. शाळेची ॲथलेटिक ट्रेनर, पंचविशीतली मुलगी, धावत आली. उष्माघातात माणूस बरळायला लागतो, म्हणून ती आधी साधे प्रश्न विचारते.

"सर, आज वार कुठला?"

"श्रावणी शनिवार," मी म्हणालो.

तिनं वळून सहाय्यकाकडे पाहिलं.

"शेवटचं कधी खाल्लंत?"

"काल रात्री. आज मारुतीचा असतो."

"मारुती कोण?"

"तोही बराच ताकदवान होता," मी म्हणालो, आणि ही माहिती तिला अजिबात आवडली नाही. शरीराच्या आतलं तापमान ताबडतोब बघावं लागेल, असं ती म्हणाली. मी काख उघडली. तिनं मान हलवली. अशा वेळी काखेतलं किंवा तोंडातलं तापमान भरवशाचं नसतं. भरवशाची जागा कुठली, हे तिनं हलक्या आवाजात सांगितलं.

मी त्याच क्षणी वार, तारीख, महिना, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं पूर्ण नाव, आमचा पिनकोड आणि ओंकारचा विद्यार्थी क्रमांक घडाघडा म्हणून दाखवला. ताठ उभा राहिलो. एका पायावरही राहिलो. तिची खात्री पटली. मग सावलीत बसवून मानेवर बर्फाचे पंचे ठेवले आणि पाय टबात सोडायला दिले. ओंकार पाणी घेऊन आला, शेजारी बसला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. खांदे मात्र हलत होते.

त्या दिवशी उपास मोडला. मोडायला काय, लाइनच्या पोरांसाठी आणलेलं खाणं समोरच होतं. कोचनी दिलेल्या कागदावर साध्याच गोष्टी होत्या: दर तीन तासांनी काहीतरी पोटात, दूध, अंडी, पीनट बटरचं सँडविच. डब्यातल्या पावडरी नकोत. मी आणलेला पावडरीचा डबा बायकोनं दुकानात परत केला. तिचं बरोबर होतं. माझा लाडका ॲल्विन रॉय १९६३ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सकडे गेला, तेव्हा खेळाडूंच्या जेवणाच्या टेबलावर स्टेरॉइडच्या गोळ्याही आल्या. ही गोष्ट मी चिरंजीवांना ऐकवलेल्या इतिहासातून गाळली होती. त्यांनी ती स्वतः शोधून मला ऐकवली.

बायकोनं शेंगदाण्याचे लाडू सुरू केले. दाणे, गूळ, तूप. तिच्या मते हे पीनट बटरचं सँडविचच, फक्त पाव वगळून. ओंकारनं दोन मित्रांना दिले, त्यांनी इतरांना सांगितलं, आणि आता संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात मिळून पाऊण टन लाइन उभी असते. थालीपीठ उलटायच्या आत संपतं. ही पोरं आत आली की मला माझ्याच घरात भिंतीला लागून चालावं लागतं. सगळी "येस मॅम, नो मॅम" म्हणतात, ताटली स्वतः धुतात.

कधी कधी काळजी वाटते. क्लीव्हलँडचा लाइनमन जो थॉमस सलग १०,३६३ डाव न चुकता खेळला आणि खेळ सोडल्यावर त्यानं वीस किलोंहून जास्त वजन उतरवलं, कारण तो देह त्या नोकरीपुरता होता. चौदा वर्षांच्या पोराला "वाढव, अजून वाढव" म्हणणारे कोचही असतात. आमचे भूगोलवाले तसे नाहीत. ते वजनकाट्याकडे बघत नाहीत, पावलांकडे बघतात. उन्हाळ्यात ओंकारचं वजन फारसं हललं नाही, पण जिना चढताना घर हलायचं ते थांबलं.

नववीच्या संघाचे सामने गुरुवारी संध्याकाळी असतात. इथं साडेपाच, तेव्हा पुण्यात शुक्रवारची पहाट, चार. आई दात घासून, पदर नीट करून व्हिडिओ कॉलवर बसली होती. मी गॅलरीत उभा राहून फोन मैदानाकडे धरला. आमचा ६८ नंबर.

"आपला कुठाय?"

"तो बघ, वाकलेला."

"सगळेच वाकलेत."

शिट्टी झाली, बॉल मागे गेला, कुणीतरी तो घेऊन उजवीकडून पळालं. लोक ओरडले, बँड वाजला, आणि मीही ओरडत फोन त्या पळणाऱ्या पोरामागे फिरवत नेला.

"अरे, त्या बॉलवाल्याला जाऊ दे," आई म्हणाली. "मागे फिरव."

मागे फिरवलं. मैदानाच्या मधोमध समोरच्या संघाचा एक आडदांड मुलगा उताणा पडला होता आणि त्याच्यावर ६८ नंबर पसरला होता.

"खालचा कोण?"

"त्यांचा."

"त्याला लागलं का?"

"नाही गं, खेळात असं असतं. याला पॅनकेक म्हणतात."

"काय मेलं खाण्याचंच नाव." मग ती थांबली. ओंकार उठला होता, सरळ, मांड्यांच्या जोरावर, आणि वाकून त्या मुलाला हात देऊन उभं करत होता. "बघितलंस? हात न टेकता उठला. तुझ्या आख्ख्या घराण्यात असं उठलेलं कुणी मी पाहिलं नाही."

"माझं घराणं म्हणजे तुझंही—"

"सर," मागून आवाज आला. रँचवाल्या आजी होत्या. "तुम्ही खाली बसाल का? आम्हाला दिसत नाहीये."

मी बसलो. पुढे लोखंडी कठडा होता, त्यामुळे मध्यंतरात उठायचीही सोय होती.